भाऊंनी पास केलेली गाडी

जुनी डिझेल गाडी घ्यायची म्हटली की चिंचवडपासून चाकणपर्यंतची माणसं आधी ज्योतीरामला फोन लावायची. कागद नंतर बघू, टायर नंतर बघू, आधी भाऊंना कान लावू द्या. भाऊ म्हणाले घे, की डोळे मिटून घ्यायची. भाऊंनी नुसती मान हलवली, की मालकानं वर दोन टायर फुकट देतो म्हटलं तरी तिथून निघायचं. एवढा मान मिळाला की भल्याभल्यांच्या तो डोक्यात जातो. ज्योतीरामच्या डोक्यात गेला नाही, तो सरळ कानात जाऊन बसला, आणि खरं सांगायचं तर तिथंच सगळा घोळ झाला.

माणूस मूळचा अहमदपूरकडचा. आयटीआय करून तरणाबांड असताना चाकणला आला आणि डिझेल इंजिनं बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला लागला. काम असं, की नवं इंजिन लोखंडी चौकटीवर बसवायचं, तेलपाणी जोडायचं, सुरू करून त्याला पुरता जोर लावायचा आणि काही खोट निघते का ते बघायचं. बघायला मशीन होतंच. पण मशीन आकडा दाखवायच्या आत ज्योतीराम बोलून मोकळा व्हायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडावर दाबायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "तिसऱ्याचा इंजेक्टर कुरकुर करायलाय, बगा." उघडावं तर तस्संच. बाहेरचे पाहुणे कंपनी बघायला आले की साहेब त्यांना मुद्दाम ज्योतीरामपाशी आणून उभे करायचे.

कंपनी कानात घालायला बोंडं द्यायची, रोज नवी. त्यानं ती कधी घातली नाहीत. बोंडं घातल्यावर ऐकणार काय, कपाळ? सुपरवायझर त्यावरून रागवायचे, आणि पाहुणे आले की तेच सुपरवायझर हसून म्हणायचे, भाऊ, जरा दाखवा ना यांना. मग काय, भाऊ दाखवायचे. अशी सगळी उमेदीची वर्षं त्या आवाजात उघड्या कानानं गेली.

कान गेला. सगळा गेला नाही, नाहीतर लोकांना कळलं असतं. धडधड, गडगड, ठोका, असं जाडंभरडं सगळं त्याला अजून ऐकू यायचं, हाडातून तर चांगलंच यायचं. गेलं ते बारीक. आधी स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी बाहेरच्या खोलीत यायची थांबली, मग फोनची रिंग, मग पाखरं. बायकांचं बोलणं नुसतं गुणगुण होऊन यायला लागलं. त्याची बायको दुर्गाबाई दोनदा विचारायची, तिसऱ्यांदा वैतागायची, आणि तो म्हणायचा, "लक्ष नव्हतं गं." कंपनीत दरवर्षी कानाची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत बसवायचे, आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडची मुलगी आवाज सोडताना तिचं कोपर हलायचं. ज्योतीराम त्या कोपराकडे बघून बटण दाबायचा आणि दरवर्षी पास व्हायचा. स्वतःला फसवायला माणूस किती हुशार होतो, बघा.

मग सरकारचे धुराचे नियम बदलले. लहान डिझेल इंजिन कंपनीला परवडेना, आणि लाइन बंद झाली. शेवटच्या इंजिनाला झेंडूचा हार घातला, पेढे वाटले, फोटो काढले. ज्योतीरामला काही दिवस स्टोअरला बसवलं आणि मग लवकर निवृत्ती घ्या म्हणाले. तो रहाटणीच्या फ्लॅटमध्ये येऊन बसला. पोरीचं लग्न झालेलं, घरात दोघंच. लोक रविवारी गाड्या बघायला न्यायचे तेवढाच काय तो बाहेरचा वारा. बाकी सहा दिवस तो गॅलरीत बसून खालच्या गाड्या बघायचा, आणि त्यांचे आवाज त्याला अर्धेच यायचे.

अशात त्यानं ठरवलं की आपल्या इंजिनाची एक जुनी गाडी घ्यायची आणि इब्राहिमच्या हातून तिची ताकद वाढवून घ्यायची. काळेवाडीच्या रस्त्याला इब्राहिमचं गॅरेज. ज्योतीरामहून वयानं लहान, पण दोघांची दोस्ती जुनी. हल्ली पोरं त्याच्याकडे गाड्या पळवायच्या करून घ्यायला यायची. लॅपटॉप लावून इंजिनाच्या डोक्यातला हिशोब, ज्याला ती पोरं मॅप म्हणायची, तो बदलायचा, हवेचा फिल्टर मोकळा करायचा, सायलेन्सरची नळी रुंद करायची, आणि टर्बोचा दाब वाढवायचा. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर गरगर फिरणारा आणि इंजिनाच्या पोटात हवा कोंबणारा छोटा पंखा. तो फिरायला लागला की बारीक, चढत जाणारी शिट्टी वाजते.

"ह्या वयात तुमाला रेस लावायचीय का?" दुर्गाबाईनं विचारलं.

"कंपनीनं त्या इंजिनाचा गळा दाबून ठेवला होता. मला ठाव हाय ना त्यात किती दम हाय ते. एकदा मोकळं सोडून बघायचंय."

हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. त्या शिट्टीवर त्याचा जीव होता. सगळ्या आवाजांत तोच आवाज त्याला लाडका, आणि नेमका तोच सगळ्यात आधी गेला होता. त्याला वाटायचं, दाब वाढवला की शिट्टी मोठी होईल. मोठी झाली तर आपल्यालाही येईल ऐकू. अजून थोडा कान शिल्लक आहे तोवर एकदा, बस्स एकदा. एवढ्यासाठी म्हातारा नवरा गाडी घेतोय असं कळलं असतं तर दुर्गाबाईनं कपाळावर हात मारून घेतला असता. किंवा रडली असती. म्हणून तो बोलला नाही.

झालं, इब्राहिमला बरोबर घेऊन रविवारची शोधाशोध सुरू झाली. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या पास केलेल्या माणसाला स्वतःची गाडी पसंत पडेना.

पहिली तळेगावला बघितली. मालक दादासाहेब नावाचे, तोंडभरून या या म्हणाले. ज्योतीरामनं बोनेटवर हात ठेवला आणि उचलला. बोनेट गरम. "आत्ताच दुधाला जाऊन आलो," दादासाहेब म्हणाले. ज्योतीरामनं त्यांच्या हातचा चहाही घेतला नाही. गार इंजिन सुरू होताना जे असेल ते बोलून टाकतं. आधीच तापवून ठेवलं की सगळं गोड गोड बोलतं. ज्याला गाडी विकायच्या आधी तापवावी लागते, त्याच्याकडे बघण्यासारखं काही नसतं.

दुसरी चिंचवड स्टेशनजवळ, उद्धवराव दलालाकडे. इंजिन असं गुपचूप चालत होतं की इब्राहिम खूश झाला. ज्योतीरामनं ऑइलची काडी ओढून दोन बोटांत थेंब चोळला. नको तेवढं दाट. खडखड दाबायला घातलेलं.

"उद्धवराव, आमच्याशी सुद्धा?"

"भाऊ, गाडी तुमच्यासाठीच बघताय हे आधी सांगायचं ना. दाखवलीच नसती राव." आणि उद्धवराव खो खो हसले. ज्योतीरामलाही हसू आलं.

तिसरी मोशीला. ती दिसायला फक्कड, पण इब्राहिमनं क्लच दाबून सोडला आणि नाक मुरडलं. आधीच्या मालकानं कुठून तरी ताकद वाढवून घेतली होती, गाडी पिळून काढली होती आणि विकताना परत साधी करून ठेवली होती. "आपल्याला कोरी पाहिजे भाऊ. जिला कुणी हात लावला नाही अशी. पिळायची तर आपणच पिळू ना," इब्राहिम म्हणाला.

कोरी गाडी शेवटी चिंचवडच्या एका सोसायटीत मिळाली. मालक निरंजन, आयटीतला पोरगा, साधा. त्यानं बॅटरीवरची नवी गाडी बुक केली होती. ही वडिलांनी घेतलेली, कधी पळवली नाही, सगळी सर्व्हिस वेळेवर. त्या दिवशी दुर्गाबाईही आली होती. घरात गाडी यायची तर लक्ष्मीच म्हणायची, आणि लक्ष्मी बघायला आपण नको का, असं तिचं म्हणणं. पिशवीत हळदीकुंकूही आणलं होतं, पण ते काढायचं की नाही हे ज्योतीरामच्या तोंडाकडे बघून ठरवणार होती.

बोनेट गार होतं. ऑइल बरोबर होतं. इब्राहिमनं ऑइलचं झाकण उघडून तिथून उलटा धूर येतो का ते बघितलं, तोही नाही. मग ज्योतीरामनं स्क्रूड्रायव्हर काढला.

भाऊ कान लावतात तेव्हा कुणी बोलायचं नाही, हा या भागातला शिरस्ताच पडला होता. फोन बंद करायचे, पोरांना लांब न्यायचं, रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला तर त्याला हात करायचा. निरंजनला हे काय माहीत. इब्राहिमनं त्याला पेडल दाबायला लावलं, इंजिन चढलं, आणि ज्योतीराम डोळे मिटून वाकला. हाडातून आवाज आले. चारही इंजेक्टर एका तालात. चेन घट्ट. तळातून एकही ठोका नाही. त्याला फार बरं वाटलं. आपलंच इंजिन. कदाचित आपल्याच चौकटीवर चाललेलं. डोळे उघडले तेव्हा निरंजनचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं होतं, आणि इब्राहिमनं ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं होतं. पैशाचं बोलत असेल, ज्योतीरामला वाटलं. नंतर बोलता येईल की.

त्यानं स्क्रूड्रायव्हर टर्बोवर टेकवला. परत डोळे मिटले. काही नाही. नुसती शांतता.

"टर्बो तर लोण्यावाणी हाय," तो म्हणाला. "आवाजच नाई."

इब्राहिमनं दुर्गाबाईकडे बघितलं. दुर्गाबाईनं इब्राहिमकडे बघितलं. ज्योतीरामला ते दिसलं, पण दोघं खूश झाली असं त्याला वाटलं.

"घेऊ की मग," तो म्हणाला. दुर्गाबाईनं थोडं थांबून पिशवीतनं हळदीकुंकू काढलं.

गाडी गॅरेजला गेली, आणि ज्योतीराम रोज तिच्याजवळ स्टूल टाकून बसू लागला. पहिल्याच दिवशी इब्राहिमनं विषय काढला. "भाऊ, मॅप टाकायच्या आधी एकदा टर्बो उतरवून बघू का? आपली खात्री म्हणून."

"मी ऐकलाय तो."

"हो, ते झालंच. पण दाब वाढवणार आपण, त्याच्या आतलं सील…"

"इब्राहिम, मी ऐकलाय म्हणलं ना. त्याला हात लावायचा नाई."

असं वाकडं तो कधी बोलत नसे. इब्राहिमनं मान खाली घातली आणि नट आवळायला घेतला. उस्तादानं एकदा कान लावला आणि हो म्हटलं, त्याच्यावर परत पाना लावायचा म्हणजे त्याच्या तोंडावर नाही म्हणण्यासारखं. इब्राहिमच्या हातून ते होईना. आणि ज्योतीरामला मनातून वाटत होतं की टर्बो उतरवला, कुणी चाचपला, तर काहीतरी बिघडेल. काय, ते त्यानं स्वतःलाही विचारलं नाही.

फिल्टर बसला, रुंद नळी बसली, लॅपटॉप लागला. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिघं गाडी घेऊन चाकणच्या एमआयडीसीत गेली. कंपन्या बंद, ट्रक नाहीत, मोकळा रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना कुंपणं. ज्योतीराम चालवायला, शेजारी इब्राहिम, मागे दुर्गाबाई. तिनं आरशाला लिंबू-मिरची बांधली होती.

"हळूहळू चढवा," इब्राहिम म्हणाला. हे ज्योतीरामला ऐकू आलं.

दुसरा गिअर, तिसरा. त्यानं पाय दाबला आणि गाडीनं तिघांना मागे रेटलं. अशी ताकद त्यानं फक्त आकड्यांत बघितली होती, काचेपलीकडे, चौकटीला बांधलेली. आता ती त्याच्या पाठीत होती. खालून घनघोर आवाज यायला लागला. छातीत बसणारा, पायात बसणारा. वा रे पठ्ठ्या, तो मनात म्हणाला. आणि शिट्टीची वाट बघू लागला.

येईल. अजून दाब चढला की येईल. त्यानं श्वास रोखला, जबडा आवळला, सगळा जीव कानात आणला. पाय आणखी दाबला. नुसती घरघर. मग त्याचं लक्ष आरशात गेलं. दुर्गाबाईनं पदर दोन्ही कानांवर घट्ट धरला होता, तोंड वेडंवाकडं झालं होतं. शेजारी इब्राहिमचेही हात कानांवर. लांबवर एका कंपनीच्या फाटकात वॉचमन खुर्चीतून उठला होता, आणि त्यानंही कान झाकले होते.

म्हणजे वाजते आहे. एवढी मोठी वाजते आहे की वॉचमनलाही सोसवेना. सगळ्या रस्त्याला ऐकू जाते आहे, आणि आपल्याला नाही.

पाय उचलायला हवा होता, पण त्यानं उचलला नाही. अजून थोडं, अजून एकदा, अशी आशा माणसाला सोडत नाही. इब्राहिम त्याच्या खांद्याला धरून काहीतरी ओरडत होता. शेवटी आरशात मागचा रस्ता दिसेनासा झाला, सगळा निळापांढरा धूर, तेव्हा त्यानं पाय काढला. गाडी हळू झाली नाही. काटा वरच चढत राहिला. चावी फिरवली तरी इंजिन थांबेना. डिझेल बंद झालं होतं, पण टर्बोचं सील फुटून इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पीत होतं आणि त्यावर पिसाळलं होतं. टेस्टिंगला असं एक-दोनदा त्यानं बघितलेलं. काय करायचं ते हातांना माहीत होतं. ब्रेक दाबला, वरचा गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीनं हिसका दिला, आत काहीतरी तुटलं, तो धक्का त्याला बुडाखाली कळला, आणि सगळं थांबलं.

तिघं बाहेर आली. दुर्गाबाई कुंपणाला धरून खोकत होती. तिला काही लागलेलं नव्हतं, कुणालाच नव्हतं. इब्राहिमनं बोनेट उघडलं, धूर जाऊ दिला आणि कडेला उभा राहिला.

"शिट्टी कधीपासून होती?" ज्योतीरामनं विचारलं.

इब्राहिम बोनेटखाली वाकून नळी चाचपू लागला.

"मी विचारायलोय."

इब्राहिम जवळ आला, त्याच्या समोर उभा राहून मोठ्यानं, सावकाश बोलला, लहान मुलाशी बोलतात तसं. "पहिल्या दिवसापासून, भाऊ. निरंजनच्या पार्किंगमध्येच. सायरनसारखी वाजत होती. तो बिचारा सांगायलाच लागला होता, मीच गप्प केलं. तुम्ही कान लावला होता ना."

"आणि तू?" तो बायकोकडे वळला.

दुर्गाबाईनं डोळे पुसले. "मला काय कळतंय गाडीतलं. तुमी म्हणला लोण्यावाणी. मला वाटलं, चांगल्या गाडीचं असंच वाजत असंल."

ज्योतीराम रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला. राग कुणावर काढावा ते त्याला कळेना. दोघांनी त्याचा मान राखला होता. त्याच्या समोर बोलायची छाती झाली नाही एवढाच त्यांचा गुन्हा. मग त्याला एकदम सुजित आठवला. लाइनवरचाच पोरगा, गेल्या दिवाळीला त्यानं गाडी घेतली होती. ज्योतीरामनं कान लावून पास केलेली. त्यातून तो बायकापोरांना घेऊन घाट उतरून कोकणात जाऊन आला होता.

"इब्राहिम, सुजितच्या गाडीचं काय?"

इब्राहिमनं खिशातून फडकं काढलं. बोटांचं ऑइल फडक्याला पुसत राहिला.

"दुरुस्त करून दिली मी," तो म्हणाला. "घेतली त्याच आठवड्यात. त्याला म्हटलं, सर्व्हिसिंग आहे. तुम्हाला नाही सांगितलं."

"का?"

"तुम्हाला कुणी बोलावलं नसतं, भाऊ. रविवारी तुम्ही काय केलं असतं?"

ज्योतीराम त्याच्याकडे बघत राहिला. म्हणजे इतके दिवस तो गाड्या पास करत होता, आणि हा त्याच्या मागून एकेक गाडी उघडून निस्तरत होता. लोक भाऊंना चहा पाजत होते, मिसळ खाऊ घालत होते, गाडीच्या दारापर्यंत सोडायला येत होते. त्याचा सगळा मान या माणसानं पाना घेऊन गुपचूप धरून ठेवला होता.

"अजून कुणाकुणाच्या?"

इब्राहिमनं त्याच्याकडे बघितलं नाही. तो पाठ करून परत बोनेटखाली वाकला, आणि तिथूनच, इंजिनाकडे तोंड करून, सांगायला लागला. ज्योतीरामनं मान पुढे केली. ओठ दिसत नव्हते. नुसती गुणगुण येत होती, मध्ये थांबत होती आणि परत सुरू होत होती. एकही नाव त्याला ऐकू आलं नाही. सांगणं किती वेळ चाललं होतं, तेवढं मात्र कळलं.